शिडी आहे का हो तुमच्याकडे?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' अशी एक म्हण आमच्याकडं आहे. परभणीचा माणूस ती छाती पुढं काढून सांगतो आणि ऐकणारा पाहुणा पुरावा म्हणून इकडंतिकडं बघू लागतो. त्याला रस्त्यावरचे खड्डे आणि उन्हानं पांढरे पडलेले बोर्ड दिसतात, जर्मनी काही दिसत नाही. यमक जुळतं एवढाच या म्हणीला आजवर आधार होता. पण आता मी पाहुण्यांना खात्रीनं सांगू लागलो आहे, की एका बाबतीत आम्ही खरोखरच युरोपच्या पंगतीला जाऊन बसलो आहोत. आपल्या भिंतीपलीकडं कोण राहतं हे आता परभणीतही कुणाला ठाऊक नसतं.

इंग्लंडच्या सरकारनं २०१८ साली एकटेपणाचं काम एका मंत्र्याकडं सोपवलं. २०२१ साली जपाननंही तेच केलं. आपल्याकडं असं खातं निघालं, तर एका कॅबिनेट मंत्र्याला दोन राज्यमंत्री द्यावे लागतील आणि निदान ते तिघं तरी एकटे राहणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली हिशेब मांडला, की जगात दर सहा माणसांत एक माणूस एकटेपणानं पोळलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार माणसं दगावतात, म्हणजे तासाला शंभर. अमेरिकेच्या सर्जन जनरलनं तर २०२३ मध्येच बजावलं होतं, की माणसांपासून तुटून राहणं हे दिवसाला पंधरा सिगारेटी ओढण्याइतकं घातक ठरू शकतं. आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत. बाळगोपाळ धरून ऐंशीएक माणसं. जगाचा हिशेब इथं लावला तर तेरा जण एकटे निघतात. शंभर पावलांच्या आत तेरा एकटी माणसं! यांनी रोज संध्याकाळी नुसतं फाटक उघडून बाहेर उभं राहायचं ठरवलं, तर एकटेपणा राहणार नाही आणि वर भजनी मंडळ निघेल. पण उभं कोण राहणार? पहिल्यानं बाहेर येऊन उभा राहील तो माणूस वेडा, असं आपण मनाशी ठरवून टाकलं आहे.

या विषयावर आमच्याकडं दोन प्रकारची माणसं बोलतात आणि मला दोघांशीही भांडायचं आहे.

पहिला पक्ष उसासेवाल्यांचा. 'आता पूर्वीचा शेजारधर्म राहिला नाही हो,' असं म्हणत ही मंडळी स्वतःच्या फाटकाला आतून कडी लावतात. त्यांचं पूर्वीचं वर्णन तसं खोटं नाही. आमच्या भागातल्या जुन्या घरांना माळवद असे. एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर पोराटोरांना सहज जाता येई. उन्हाळ्यात वर कुरड्या-पापडांची वाळवणं पडत, आणि कुरडई ही अशी वस्तू आहे की ती एकट्या बाईच्यानं होत नाही. एकीनं चीक घोटायचा, दुसरीनं सोऱ्या दाबायचा, तिसरीनं कावळे हाकायचे आणि चौथीनं तिघींच्या सासवांची चौकशी करायची. वाड्याच्या ढाळजेत पुरुषमंडळी बसलेली असत. रात्री गल्लीत बाजा पडत आणि कोण कुणाच्या बाजेवर झोपला याचा हिशेब सकाळी होई. मराठवाड्याच्या उन्हानं माणसांना घराबाहेर हाकललं होतं म्हणून ती एकमेकांना भेटत होती, त्यात थोरवी उन्हाची.

पण उसासेवाले बाकीचं सांगत नाहीत. त्या गल्ल्या जातीजातींच्या होत्या. ज्याला गल्लीत घरच नव्हतं, त्याला गल्लीचा जिव्हाळा कुठून मिळणार? त्याच्यासाठी गावाबाहेरची वस्ती होती. आणि गल्लीच्या आतही सुख सगळ्यांना सारखं नव्हतं. नव्या सुनेनं शिंकलं तर तिसऱ्या घरात डोहाळे मोजायला सुरुवात होई. नापास झालेला पोरगा घरी पोचायच्या आधी त्याचा निकाल घरी पोचलेला असे. तेव्हा जुनी गल्ली जशीच्या तशी परत आणा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. सबंध गल्लीनं पाळत ठेवणं मला नको आहे. मला फक्त एवढंच हवं आहे, की मी दोन दिवस दिसलो नाही तर कुणीतरी तिसऱ्या दिवशी विचारावं, 'काय हो, दिसला नाहीत?'

दुसरा पक्ष खासगीपणावाल्यांचा. त्यांच्या मते ज्याचं त्यानं आपल्या घरात सुखानं राहावं, लागेल ती मदत फोनवर मिळते, आणि गल्लीचा व्हॉट्सॲपचा ग्रुप आहेच की! आहे ना. आमच्याही गल्लीचा आहे. त्यावर रोज पहाटे एकवीस घरं बाविसाव्या घराला गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' म्हणतात. ती एकवीस माणसं सात वाजता दुधाला बाहेर पडली की एकमेकांकडं बघत नाहीत. सकाळ शुभ झाली हे पहाटे साडेपाचला कळवून झालेलं असतं, पुन्हा तेच काय बोलायचं!

त्याच गल्लीतली एक गोष्ट सांगतो. आम्ही तिथं राहायला जाण्याच्या आधीची आहे, आणि मला ती भाजीवाल्या मावशींनी सांगितली. चौथ्या घरात एक काकू एकट्या राहायच्या. यजमान शाळेतून निवृत्त होऊन वारलेले, मुलगा पुण्याला. मावशी म्हणाल्या, ''आवो, त्या बाई रोज पावशेरच भाजी घ्यायच्या. म्या म्हनलं, काकू, दोन-चार दिवसांची घ्या की एकदम, सस्ती लावते. तर म्हनल्या, मग उद्या तू कशाला येशील?''

भाजीवालीनं उद्या यावं म्हणून आज पावशेर भेंडी घेणाऱ्या बाईला भाजी किती लागत असेल आणि बोलणं किती लागत असेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

एके सकाळी मावशींनी आरोळी दिली आणि काकू बाहेर आल्या नाहीत. मावशींनी पुन्हा हाक मारली, फाटक वाजवलं, मग सरळ आत शिरून खिडकीशी कान लावला. काकू आदल्या रात्री मोरीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या रात्रभर हाका मारत होत्या. पण दिवस उन्हाळ्याचे, घराघरांत कूलर घरघरत होते, कुणाला ऐकू जाणार? त्या रात्री गल्लीत सहा कॅमेरे जागे होते आणि माणूस एकही जागा नव्हता. काकू वाचल्या. वाचवलं कुणी, तर जिचं त्या गल्लीत घरच नाही अशा बाईनं. पुढं मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता त्या चौदाव्या मजल्यावर असतात. तिथं भाजी फोनवरून येते आणि पोरगा दाराच्या कडीला पिशवी अडकवून निघून जातो, अशी खबरही मावशींकडूनच मिळाली. कारण काकूंचा फोन त्यांनाच येतो.

आता खासगीपणावाल्यांनी मला सांगावं, की काकूंना यातला नेमका कोणता खासगीपणा हवा होता?

उसासेवाल्यांना वाटतं, माणसांची मनं लहान झाली. मला तसं वाटत नाही. याच परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो, तेव्हा सगळ्या धर्मांची माणसं खांद्याला खांदा लावून फिरतात. शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीवरून जाते, तेव्हा अनोळखी वारकऱ्यांना चहा पाजायला आमचीच माणसं रस्त्यावर आलेली असतात. लाखभर अनोळखी माणसांत आनंदानं मिसळणारा हा परभणीकर शेजारच्या फाटकाशी मात्र अडखळतो. म्हणजे खोट मनात नाही, फाटकात आहे. दोन घरांच्या मध्ये आपण कायकाय वस्तू आणून ठेवल्या ते बघायला हवं.

पहिली वस्तू बोअर. नळाला पाणी येण्याचा दिवस पूर्वी गल्लीचा बाजाराचा दिवस असे. घागरीला घागर लागे, भांडणं होत, आणि ज्याच्याशी आपण कडाकडा भांडतो त्याचं नाव, गाव, पोरंबाळं सगळं आपल्याला पाठ असतं. मग ज्यानं त्यानं आपापल्या अंगणात बोअर घेतलं. आमचा एकलकोंडेपणा आता तीनशे फूट खोल गेला आहे आणि उन्हाळ्यात त्यालाही पाणी लागत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी आमच्याही भागात माणसं टँकरच्या रांगेत पुन्हा एकमेकांशी बोलू लागली होती. पुढं पाऊस पडला आणि बोलणं आटलं.

दुसरी वस्तू इन्व्हर्टर. भारनियमनाच्या काळात तासन्‌तास वीज जाई आणि अख्खी गल्ली पंखे हलवत बाहेर येऊन बसे. अंधारात लोकांच्या किती मुलींची लग्नं जमली! समाज जोडण्याचं एवढं मोठं काम करूनही भारनियमनाचा सत्कार कुणी केला नाही. मग घरोघर इन्व्हर्टर आले. आता वीज गेली तर गेलेली कळतसुद्धा नाही आणि शेजारचा माणूस गेला तरी कळत नाही.

तिसरी वस्तू मोटार. गल्लीत पोरं खेळायची तिथं आता गाड्या उभ्या असतात, आणि मधून उरलेल्या वाटेनं दुसऱ्या गाड्या पळतात. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या एका शहाण्या प्राध्यापकानं अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात सारख्याच दिसणाऱ्या तीन गल्ल्या निवडल्या. एकीतून दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जात, दुसरीतून आठ हजार, तिसरीतून सोळा हजार. त्यानं घरोघर जाऊन विचारलं, गल्लीत तुमचे मित्र किती? निवांत गल्लीतल्या माणसाला सरासरी तीन मित्र निघाले आणि गर्दीच्या गल्लीतल्याला पुरता एकही नाही, ०.९! मित्राचा एक दशांश भाग मोटारीखाली सापडला होता. हे १९७२ साली छापून आलं. पुढं त्याच माणसानं यावर मोठं पुस्तक लिहिलं, ते १९८१ मध्ये निघालं, आणि १९८२ मध्ये अथेन्सच्या रस्त्यावर एका भरधाव गाडीनं त्याचाच बळी घेतला. यावर विनोद करण्याची माझी तयारी नाही.

आणि चौथी वस्तू, सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत घातक, शिडी.

हो, शिडी. आमच्या गल्लीत बावीस घरं आणि माझ्या मोजणीप्रमाणं एकोणीस शिड्या. प्रत्येक शिडी वर्षातून दोनदा लागते. एकदा टाकी धुवायला आणि एकदा दिवाळीला आकाशकंदील टांगायला. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस ती मागच्या अंगणात आडवी पडून असते. एका शिडीत सबंध गल्लीचं भागलं असतं आणि तिच्या निमित्तानं बावीस घरांचं येणंजाणं राहिलं असतं. पण आपल्याला कुणाकडं काही मागायला नको, ही आता प्रतिष्ठेची बाब झाली आहे. आपल्या आयांना वाटीभर साखर मागताना कमीपणा वाटत नसे. परत करताना त्या वाटीत साखरेबरोबर शेजारच्या घरची बातमीही येई. आपल्याला दुचाकीवर बसून कोपऱ्यावरून साखर आणणं सोपं वाटतं आणि चार पावलं चालून मागणं अवघड.

म्हणून माझा मुद्दा जरा उलटा आहे. 'शेजाऱ्यांना मदत करा' असं सगळे थोर लोक सांगतात. मी सांगतो, शेजाऱ्याला मदत करू नका. त्याच्याकडं मदत मागा. मदत करणारा उंच होतो, वरून बघतो आणि चार ठिकाणी सांगतो. मागणारा मात्र समोरच्याला पाट देऊन उंचावर बसवतो. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की विधिमंडळातल्या एका विरोधकाची मर्जी मिळवण्यासाठी त्यानं त्याची खुशामत केली नाही, त्याच्याकडून एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागून आणलं. आठवड्यानं परत केलं आणि दोघांची जन्माची मैत्री झाली. आमच्या जिल्ह्याला फ्रँकलिनचीही गरज नाही. गंगाखेडची जनाबाई आमची. तिला दळूकांडू लागायला प्रत्यक्ष विठोबा येत असे, ही कथा इथं घरोघर ठाऊक आहे. त्यातला भक्तिभाव थोरांनी सांगावा. मला एवढंच दिसतं, की जात्याचा खुंटा धरायला दुसरा हात लागतो हे सांगायला जनीला कमीपणा वाटला नाही. देवानंसुद्धा 'पीठ तयार मिळतं की बाजारात,' असं उत्तर दिलं नाही.

मी हा प्रयोग करून पाहिला आहे. एका रविवारी टाकी धुवायची होती. मी निघालो तर घरातून आवाज आला, ''अहो, कुठं निघालात? शिडी आहे की आपली मागच्या अंगणात!''

''मला शिडी नको आहे,'' मी म्हणालो, ''शेजारी हवा आहे.''

यावर घरात जे बोललं गेलं ते छापण्यासारखं असलं तरी लांब आहे.

पहिल्या घरी कॅमेऱ्यानं माझी तपासणी केली आणि भिंतीतून आवाज आला, ''कोण पाहिजे?'' मी म्हणालो, शिडी पाहिजे. भिंत बराच वेळ विचारात पडली आणि मग 'मालक घरी नाहीत' असं मालकांच्याच आवाजात म्हणाली. दुसऱ्या घरच्या गृहस्थांनी मला ताबडतोब भाड्यानं शिडी देणाऱ्याचा नंबर दिला. माणूस मोठा सज्जन. तिसऱ्या घरी एक खानसाहेब राहतात. त्यांनी 'शिडी आहे का हो तुमच्याकडे?' हे माझं वाक्य पुरतं होऊ दिलं नाही. ''लो, विचारायचं काय त्यात! पण तिची एक पायरी हलते, मी येतो धरायला.'' ते शिडी घेऊन निघाले, ते बघून समोरचे पाटील निघाले, कारण त्यांच्या मते खानसाहेबांना शिडी धरता येत नव्हती. पाटलांचं चुकतंय हे सांगायला पोस्टातले एक निवृत्त गृहस्थ आले. वर चढलेला माणूस एक आणि खाली सूचना देणारे पाच, अशी आपल्या देशातल्या शेजाराची मूळ रचना अर्ध्या तासात उभी राहिली. टाकी धुतली गेली. चहा दोनदा झाला. चार वर्षांत कळलं नव्हतं ते त्या सकाळी कळलं: पाटलांना साखरेचा त्रास आहे, पोस्टातल्या गृहस्थांना रात्री झोप येत नाही, आणि खानसाहेबांच्या घरी भाभींना डोळ्यांनी कमी दिसतं. पोस्टातल्या गृहस्थांची झोप आता गल्लीच्या कामी आली आहे. रात्री दोन वाजता कुणाला लागलं सवरलं तर फोन कुणाला करायचा, हे चार घरांना ठाऊक आहे. सहा कॅमेऱ्यांना जे जमलं नाही ते एका निद्रानाशानं केलं.

यावर 'आम्हाला वेळ कुठं आहे?' असं कुणी म्हणेल. वेळ आहे. पंजाबातल्या लग्नात मेंढी कशी नाचली हे फोनवर बघायला आपल्याजवळ तासभर असतो. 'लोक काय म्हणतील?' लोक काहीच म्हणणार नाहीत, ते बोलतच नाहीत हीच तर माझी तक्रार आहे. 'आणि भांडणं झाली म्हणजे?' होऊ द्या! सरकारनं २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम काढली ती चांगलीच होती. पण आमच्या कॉलनीला ते बक्षीस न मागता द्यायला हरकत नाही. इथं तंटा नाही, कारण ओळखच नाही. स्मशानातही तंटा नसतो.

निजामाच्या राजवटीत १९२९ साली 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम निघाला होता. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी हवी. आमच्या आजोबांच्या पिढीनं चार माणसं एकत्र बसता यावीत म्हणूनसुद्धा लाठ्या खाल्ल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं. आता परवानगी लागत नाही, कुणी अडवत नाही, आणि आम्ही ज्याच्या त्याच्या घरात स्वखुशीनं तो हुकूम पाळत बसलो आहोत.

पॅरिसमध्ये १९९९ साली शेजाऱ्यांनी एकत्र जेवायचा एक सण सुरू झाला. एक म्हातारी आपल्या घरात मरून पडलेली कित्येक महिन्यांनी सापडली, त्या हळहळीतून तो निघाला. आज तो देशोदेशी पसरला आहे. आपल्याला नवा सण नको, आहेत तेच पेलवत नाहीत. मंडपही नको, वर्गणी नको, अध्यक्ष तर नकोच नको. अध्यक्ष झाला की दोन गट पडतात. फाटकाच्या बाहेर एक बाकडं ठेवा, आतल्या बाजूला नको. बाकडं ठेवायला जागा नसेल तर जुनी बाज टाका. रोज अर्धा तास तिच्यावर बसा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'काय, कुठं निघालात?' एवढं विचारा. उत्तर ऐकलंच पाहिजे असं नाही.

आणि काहीतरी मागा. काय मागावं सुचत नसेल तर विरजण मागा. दूध आपल्या घरचं कितीही असो, ते लागायला दुसऱ्याच्या घरचं चमचाभर दही लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानात दह्याची पिशवी मिळते हे मला ठाऊक आहे. तीच तर आणायची नाही.